शरयूताईंचा वर्ग आणि आमचे मौन

शरयूताईंची आणि माझी पहिली भेट बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात झाली. मुलगा आणि सून दोघेही आयटीत, नात दीड वर्षाची. म्हणून मी अमरावतीहून इथे आले होते. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत दोनदा बसावे लागे. अशीच बसले असता ताई वरून उतरल्या.

"गुडघे लय दुखते जी," मी म्हणाले.

"दुखणारच. बसवून ठेवलेत ना त्यांना! उद्या साडेसहाला खाली हॉलमध्ये या."

राग आला, पण गेले.

मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झाल्यावर ताईंनी साठीपुढच्या बायकांसाठी हा वर्ग सुरू केला होता. पाण्याने भरलेल्या बाटल्या घेऊन हात वर उचलायचे, हात न टेकता खुर्चीवरून उठायचे, खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभे राहायचे. एकीने "ह्यांचा चहा व्हायचाय" म्हणून लवकर निघायला परवानगी मागितली. ताई म्हणाल्या, "त्यांना येत नसेल तर पाठवा, शिकवते." ती पुन्हा कधी लवकर गेली नाही. सहा महिन्यांत मी नातीला कडेवर घेऊन न थांबता घरी पोहोचू लागले. पडण्याच्या भीतीने काठी न सोडणाऱ्या कमलताई एकट्या भाजी आणायला जाऊ लागल्या.

मग सोसायटीत तरुण बिऱ्हाडे वाढली आणि समितीने त्या हॉलची जिम केली. काचेचे दार, आरसे, यंत्रे. दारावर पाटी लागली : साठ वर्षांवरील व्यक्तींना प्रवेश नाही. ताईंनी सकाळचा एक तास मागणारा अर्ज दिला. "आत कोणी पडलं तर जबाबदारी कोण घेणार?" असे उत्तर मिळाले. ते देणारा सचिव माझाच मुलगा होता. ताई आमच्याच घरी विचारायला आल्या होत्या, मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते. सगळे ऐकू आले. मी बाहेर आले नाही.

ताईंनी वर्ग पार्किंगमध्ये नेला. आकडे मोजण्याच्या आवाजाने झोपमोड होते, अशी तक्रार आली. गाड्या काढताना हॉर्न वाजत. एकेक बाई गळाली. मीही गळाले, नातीच्या शाळेचे निमित्त सांगितले.

कमलताई पुन्हा घरात बसल्या. पुन्हा काठी आली, आणि वर्षभरात त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर शरयूताई रोज त्यांच्याकडे जाऊन पलंगावरच त्यांचे पाय हलवून घेत. एकदा मी सोबत गेले. कमलताई रडत होत्या. "ताई, वर्ग चालू असता तर?"

ताई एवढेच म्हणाल्या, "डावा पाय. दहा वेळा."

बाहेर आल्यावर मात्र त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "मला वाटलं होतं, तुम्ही तरी बोलाल," मला म्हणाल्या. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही, माझ्याशी वागणेही बदलले नाही. त्यांच्या मोठेपणाची याहून जड आठवण माझ्याजवळ नाही.

कमलताई आता स्वतः उठून बसतात, हाताने जेवतात. चालत नाहीत.

आज तीच समिती ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरव अंक काढते आहे. मुलगा म्हणाला, "आई, चार चांगले शब्द लिही." मी लिहून त्याच्या हातात दिले. त्याने ते दोनदा वाचले. "हे छापायचं?" त्याने विचारले.

"एकही ओळ न गाळता. आणि दारावरची पाटी काढ."

लेख छपाईला जाताना हा शेवट जोडते आहे. पाटीबद्दल 'विचार चालू आहे'.

ताई, आपल्याला उत्तम आरोग्य आणि दीर्घ आयुष्य लाभो. आपल्याला ते लाभेलच, कारण आपण त्यासाठी रोज कष्ट केलेत. आमच्या वाट्याचे आरोग्यही आपण देऊ केले होते. आम्हीच गप्प बसलो.