शबनम बाहेरच राहील

आमच्या टांगेवाल्या चाचांनी आपल्या घोडीला कधी छपराखाली बांधलं नाही. उन्हाळा असो, पावसाळा असो, की पौषातली हाडं गोठवणारी थंडी असो, त्यांची शबनम घरासमोरच्या पडीत जागेवर, कडुलिंबाच्या आसपास मोकळी उभी असायची. चाचा स्वतः मात्र कान बांधून, दोन गोधड्या घेऊन घरात झोपत. मी एकदा हे त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, "भिंत माणसाले लागते, मास्तरीणबाई. माणूस लय नाजूक जनावर आहे."

छप्पन साली लग्न होऊन मी बाभुळगावला आले. आमचे हे शाळेत मास्तर. चाचांचं घर आमच्या समोरच, मध्ये फक्त ती पडीत जागा. ओळख झाली तीच भांडणानं. मी अंगणात धुऊन वाळत घातलेल्या गव्हावर घोडीनं यथेच्छ ताव मारला होता. मी नवी नवरी होते, पण तोंड काही नवं नव्हतं. चाचांच्या दारात जाऊन जे काय सुचलं ते सगळं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग घोडीकडे वळून म्हणाले, "ऐकलं काय, शबनम? तुले बोलून राह्यल्या." आतून चाची पदर तोंडाला लावून हसत आली आणि तिनं सूपभर गहू माझ्या पुढ्यात ठेवले. त्यानंतर मी काय भांडणार, कपाळ!

शबनम म्हणजे दव. हिवाळ्यात सकाळी ती अंगभर ओलसर दिसे, म्हणून ते नाव. थंडी सुरू झाली की तिच्या अंगावर लांब, दाट केस येत आणि ती पांघरूण घेतल्यासारखी गुबगुबीत दिसे. त्या दिवसांत चाचा तिला खरारा अगदी बेताचा करत. पाऊस आला की ती वाऱ्याकडे पाठ करून, मान खाली घालून उभी राही. मला तिची दया येई. गावालाही येई. छपराचा खर्च वाचवतो म्हणून बाजारात लोक चाचांची टर उडवत. चाचा हसून सोडून देत.

याचं कारण त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. तरुणपणी ते पांढरकवड्याकडच्या एका जमीनदाराकडे मोतद्दार होते. घोड्यांची सगळी उस्तवार त्यांच्याकडे. तिथे एक उमदा घोडा होता. त्याचे पुढचे पाय बांधलेले, मागचे बांधलेले, आणि समोर भिंत. मालक स्वारीला निघेल तेव्हाच काय तो उजेड. तो घोडा दिवसभर गव्हाणीचं लाकूड चावत जागच्या जागी डुलत राहायचा. खोकून खोकून शेवटी तिथेच मेला. "त्याच्या डोळ्यात मी पायलं, बाई," चाचा म्हणाले. "म्या तवाच ठरोलं. माह्यं जनावर असन तर बाहेर राहीन." मग मीही छपराचा विषय काढणं सोडलं.

चाची माहेरची खेड्यातली. तिची वऱ्हाडी माझ्या सासूबाईंपेक्षा अस्सल होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. चाचीनं ते दुःख कधी बोलून दाखवलं नाही, पण दुपारी काम आटोपलं की ती दारात बसून शबनमकडे बघत राही आणि तिच्याशी बोलत राही, भाजी काय केली इथपासून सगळं. एका वर्षी माघात शबनमला शिंगरू झालं. तपकिरी रंगाचं, कपाळावर पांढरा ठिपका, पाय नुसते काड्या. चाचीनं त्याचं नाव ठेवलं बाबू. आमच्याकडे लेकरालाच बाबू म्हणतात. तिनं हे नाव का ठेवलं ते आळीत कुणी विचारलं नाही. ती बाहेर आली की बाबू उड्या मारत यायचा आणि तिच्या पदरात तोंड खुपसायचा. चाची त्या दिवसांत अंगानंही भरली होती, खरंच सांगते.

तिचं एकच म्हणणं होतं, बाबू लहान आहे तोवर त्याला ओसरीत घेऊ द्या. चाचा ऐकेनात. "बाहेर राहायचं त्यानं बाहेरच शिकावं," म्हणायचे.

त्याच वर्षीच्या फाल्गुनातली गोष्ट. त्या दिवशी सकाळपासून उकडत होतं आणि पश्चिमेकडे आभाळ भरून आलं होतं. चाचा सवारी घेऊन स्टेशनकडे निघाले होते. रस्त्यावर ट्रका फार, म्हणून बाबूला मागे ठेवलं होतं. चाची टांग्याजवळ जाऊन म्हणाली, "आभाळ बरं दिसत नाही. आज तरी याले आत घेतो." चाचा म्हणाले, "भिजला तं भिजला. आंग मजबूत होते. बाहेरच राहू दे." आणि चाचीनं ऐकलं. नवऱ्याचं ऐकायची सवय होती तिला.

दुपारी गारा सुरू झाल्या. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या, मग काही विचारू नका. कौलं फुटू लागली. मी दार उघडून पाहते तो चाची डोक्यावर खाट घेऊन पडीत जागेत धावत होती. बाबूला खाटेखाली घ्यायला बघत होती ती. पण तो बिचकलेला, मोकळा, इकडून तिकडे सैरावैरा पळत होता. बांधलेला असता तर धरता तरी आला असता. मी डोक्यावर परात धरून बाहेर पडले, तोवर एक गार त्याच्या कानामागे बसली आणि तो खाली कोसळला. चाचीनं खाट फेकून दिली आणि त्याच्या अंगावर पालथी पडली. गारा तिच्या पाठीवर पडत राहिल्या. मी ओढूनही ती उठेना.

चाचा संध्याकाळी आले. वाटेत त्यांनी शबनमला टांग्यातून सोडून चिंचेखाली घेतलं होतं, आपलं घोंगडं तिच्यावर टाकलं होतं. तिला खरचटलंही नव्हतं. त्या आनंदात ते लांबूनच ओरडत आले, "सब खैर आहे. शबनमले काही झालं नाही." चाचीनं बाबूला लुगड्यानं झाकून ठेवलं होतं.

ती त्यांना एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढे कित्येक महिनेही नाही. भाकर वाढायची, पाणी द्यायची. शबनम बाबूला शोधत सगळीकडे हुंगत फिरायची, हाका मारायची. तिची कास ताठायची, दूध गळायचं. चाची खाली बसून ते दूध मातीत पिळून टाकायची, तिला आराम पडावा म्हणून. मला ते बघवत नसे. चाचा ओसरीच्या खांबाला टेकून बघत राहायचे. "दोन शिव्या देऊन टाकन तं बरं होईन," ते मला एकदा म्हणाले. "हे काहून बोलत नाही?"

मग त्यांनी छपरी बांधली. बांबू, तुराट्या, वर टिनाचे पत्रे. आयुष्यभराचा हट्ट सोडून स्वतःच्या हातानं बांधली, आणि शबनम आत जाईना. गूळ दाखवला, लगाम धरून ओढलं, रडून विनवलं. ती पाय रोवून उभी. पाऊसकाळ लागला तशी ती आपली वाऱ्याकडे पाठ करून भिजत राहिली आणि छपरीत चाचा बसून राहिले. जेवायला घरात जात नसत, निजायलाही नाही. चाची ताट तिथे नेऊन ठेवी. आभाळात गडगडलं की ते उठून घोडीला अंगानं झाकायला बघत. भला माणूस असा झिजताना बघून माझा फार जीव तुटायचा, आणि देवाचा रागही यायचा.

दिवाळीनंतर ते शबनमला घेऊन पायी दारव्ह्याकडे निघाले. तिकडे एका तांड्यावर बंजाऱ्यांची तट्टं बारा महिने माळावर मोकळी असत. तिथल्या नायकाशी त्यांचं बोलणं झालं होतं. चाची विहिरीवर गेलेली बघून ते निघाले, फक्त मला सांगितलं. "आत बांधीन तं हे मरन, बाहेर ठेवीन तं मी मरीन. ढग आला का माह्या हातापायातला जीव जाते, बाई. अशा माणसाजवळ तिनं कायले राहावं? नायकाले म्या येकच सांगतलं, तिले छपरात बांधजो नोको."

परत आले ते पाच दिवसांनी, खांद्यावर रिकामा लगाम. चाची दारातच उभी होती. तिनं त्यांना आधी पाणी दिलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि मग ती बोलली. आमच्या घरापर्यंत ऐकू येत होतं.

"येकाले गारपिटीनं नेलं, दुसरीले तुम्ही नेलं. आता मी दारात बसून पाहू कोणाले?"

चाचा उंबऱ्यावर बसले. ती बोलत राहिली, शबनमला न विचारता नेलं, तिला तोंडही पाहू दिलं नाही, आणि बोलता बोलता दम लागून थांबली. चाचा मान खाली घालून म्हणाले, "बोल, अजून बोल. त्या दिवशीचंबी बोल."

मग चाची बोलली. मी आमचं दार लोटून घेतलं.