मंगळावर कुंकू नको

राज्याचे दोन तुकडे होत होते त्या वर्षांत मी पत्रकं लिहायचे आणि हिमायतनगरच्या चौकात वाटायचे. आम्हाला न विचारता पाणी नेलं, जमीन नेली, असली वाक्यं मला झोपेतही सुचत. अण्णा निवृत्त झालेले. घर ताईच्या पगारावर चालायचं, आणि ताई जिथं काम करायची तिथले मालक अर्धा कारखाना नव्या सीमेपलीकडे न्यायच्या बेतात होते. इथली निम्मी माणसं कमी होणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

ताईच्या कारखान्यात परदेशातल्या एका मोहिमेसाठी तळहाताएवढं झाकण बनत होतं. ते मंगळावर उतरायचं, माती तपासणाऱ्या उपकरणावर बसून. त्याच्याबरोबर एकही जिवंत जंतू जाऊ नये, हे पाहणं ताईचं काम.

"गेला तर काय होतं?" मी विचारलं होतं.

"मग तिथं जीव सापडला तरी तो तिथला की आपला, कळणार नाही. आणि तिथला असलाच, तर आपला त्याला खाऊनही टाकेल."

"म्हणजे न विचारता घुसणंच."

"हो. विचारायला तिथं कुणी दिसत नाही, एवढंच."

खंडेनवमीच्या पूजेला कारखान्यात घरच्यांनाही बोलावणं होतं. यंत्रांना झेंडूच्या माळा, नारळ, लिंबं. झाकण आतल्या निर्जंतुक खोलीत तयार होतं, दुसऱ्या दिवशी निघणार होतं. मालक अंगरखा, टोपी, सगळं घालून आत गेले, पण बोटावर कुंकू घेऊन. ताई खोलीच्या काचेपर्यंत पोचली तोवर झाकणाला टिळा लागला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मालक बाहेर येताच ताई म्हणाली, "सर, हे परत भट्टीत घालावं लागेल."

"क्या अम्मा. स्पिरिटने पुसून टाका."

"स्पिरिटने कुंकू जाईल, त्यातले जंतूंचे बीजाणू मरणार नाहीत. तापवायचं, परत तपासायचं. उद्या जाणार नाही."

"तारीख चुकली तर ऑर्डर गेली. इत्ती दूर कौन देखने जारा?"

माझ्याच्याने राहवलं नाही. "आमचं पाणी नेणारेही असंच म्हणायचे."

"ये कौन?"

"माझी बहीण."

"अच्छा, वो पर्चेवाली. यांना प्रसाद द्या, बाहेर बसवा."

सगळे हसले. ताई मला म्हणाली, "तू गप्प बस." आणि ते बरोबरच होतं. नोकरी तिची होती, तोंड माझं.

मालकांचा आवाज चढला. "नवमीचं कुंकू घाण आहे म्हणता तुम्ही? माझ्या माणसांसमोर?"

"घाण नाही, सर. मीही लावते. पण ते इथलं आहे."

"पाठवणीच्या कागदावर सही करा, अम्मा. निम्मी माणसं ठेवायचीत मला."

आता कुणी हसत नव्हतं. मी अण्णांकडे पाहिलं. हातातला पेढा त्यांनी खाल्लाही नव्हता, ठेवलाही नव्हता. जन्मभर वरच्यांनी सांगितलं तिथं सही केलेला माणूस.

ताईने अंगरखा चढवला, हातमोजे घातले. आत जाऊन कुंकू पुसलं, झाकण भट्टीत ठेवलं, दार लावून बटण दाबलं. बाहेर येऊन म्हणाली, "आता उघडली तर पुन्हा पहिल्यापासून, सर."

मालकांनी टोपी काढली आणि मला म्हणाले, "लिहा आता पर्चा. पोरीने मंगळासाठी नोकरी घालवली म्हणून."

झाकण उशिरा गेलं, पण गेलं. ऑर्डरही राहिली. माणसं कमी केली त्यात मात्र ताई पहिली. टाळ्या वाजवणारे सगळे राहिले. मला अजून त्याचा संताप येतो.

खंडेनवमीच्याच संध्याकाळी मलकपेठेच्या घरी अण्णांनी विचारलं, "आणि तिथं काहीच नसलं तर?"

"नसू दे, अण्णा. आपण नेऊन टाकायचं नाही."

मग अण्णांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढून अंगात घातला, चप्पल घातली आणि अंबरपेठेत शिकवण्या मिळतात का ते पाहायला निघाले.