चेहरा बघ, चेहरा!

माझ्या साडूंइतका लोकांच्या पोटात शिरलेला माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. उभा जन्म पालघरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात गेला, पण वाघ-सिंह, हत्ती-घोडे यांच्याविषयी या गृहस्थांना काडीची आस्था नाही. यांचा सगळा जीव माणसाच्या आतड्यात नि रक्तात राहणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, एका पेशीच्या परजीवींवर. अमीबा, जिआर्डिया, मलेरियाचा तो प्लाझमोडियम, यांची नावं ते अशी घेतात की ऐकणाऱ्याला वाटावं, जवळची सोयरी मंडळी आहेत. त्यांच्यासमोर तुम्ही सहज म्हणून बघा, "सर, पोट जरा बिघडलंय." लगेच चेहरा खुलतो. "अरे वा! आव पडते का? मग नमुना ताजा आण हं, उशीर झाला की बिचारे मरतात." म्हणजे बिचारे ते! आम्ही मेलो तर चालेल.

यांना घेऊन कुठे जायची सोय नाही. बोईसरला एकदा मी हौसेने पाणीपुरी खायला नेलं, तर गाडीपाशी उभं राहून यांनी अमीबा पाण्यातून पोटात कसा येतो, आतड्याला जखमा कशा करतो आणि पुढे यकृतात गळू कसं होतं, ते वर्गात शिकवावं तसं खणखणीत आवाजात सांगितलं. शेवटी तो भय्या हात जोडून म्हणाला, "साहब, थोडा बाजू में खड़े रहके बोलो ना, कस्टमर भाग रहा है." घरी कोशिंबीर शिजवून खातात. हो, शिजवून! काकडीला कढ आणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. विश्वास फक्त सुक्या बोंबलावर, कारण उन्हात कडकडीत वाळलेल्या त्या बोंबलात कोणी जिवंत राहील अशी त्यांना आशा नाही. तो बोंबील घेऊन सातपाटीहून येणाऱ्या मावशी एकदा पायरीवर टेकल्या आणि पोट दुखतंय म्हणाल्या. झालं! साडू आतून झाकणाची डबी घेऊन हजर. मावशींनी डबी न्याहाळली, त्यांना न्याहाळलं आणि पाटी उचलली. "सर, बोंबील घ्यायचा तर घ्या. दुसरं काय माज्याकडं मिलनार नाय."

आमचे सासरे अप्पा मात्र यांना पुरून उरले होते. रुंद कपाळ, त्यावर गोल भिंगांचा चष्मा, खाली निमुळती होत गेलेली हनुवटी, आणि दोन्ही जावयांकडे रोखून बघताना तोंडावर कायमचं एक दुःख, की आपल्या दोन्ही पोरी चुकीच्या घरात पडल्या. वाडीतल्या विहिरीचं पाणी तसंच प्यायचे, यांनी काही सांगायला सुरुवात केली की नुसते बघायचे, आणि साडू लगेच पाऊसपाण्यावर बोलू लागायचे. अप्पा गेले तेव्हा तेराव्याला पंगत बसली होती, बायका डोळे पुसत होत्या, आणि आमच्या सरांना बोलायची हीच वेळ सापडली. "अमीबाला म्हातारपणाचं मरण नाही बरं का. तो एकाचे दोन होतो, एवढंच." माझ्या बायकोने वाढता वाढता भाताची मूद यांच्या ताटात अशी आपटली की वरण माझ्या सदऱ्यावर उडालं. बोलले हे, डाग मला!

पण सगळ्यात मोठा छळ म्हणजे तो मायक्रोस्कोप. तो जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी असतो. तारापूरच्या कारखान्यात आठवडाभर घासून मला एक सुट्टी मिळते, ती सरावलीला आपल्या घरी लोळत काढावी तर यांचा फोन. "ये, एक छान जिआर्डिया सापडलाय." गेलो की मान धरून भिंगाला लावायचे. "चेहरा बघ त्याचा, चेहरा! दोन डोळे दिसतात ना? ती त्याची दोन केंद्रकं." मला आजवर त्या नळीत माझ्या स्वतःच्या पापण्यांखेरीज काही दिसलेलं नाही. पण चहा लवकर मिळावा म्हणून मी म्हणायचो, "वा! फारच सुंदर." ते क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, आणखी काहीतरी ऐकायचं असल्यासारखे. मग मायक्रोस्कोपवर टोपडं घालायचे.

यंदा त्यांच्या हातून चहा कपाच्या बाहेर सांडू लागला. दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. थेंब घालून उरलेलं जपायचं, गेलेली नजर परत यायची नाही. साडूंनी ऐकून घेतलं आणि माझ्याशी विहिरीच्या पाण्यातल्या अमीबाबद्दल बोलत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यातच ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आजारी पडल्या. जुलाब, कडवट ढेकर, अन्न बघवेना. डॉक्टर म्हणाले, आधी तपासणी करून आणा, मग नेमकं औषध देतो. पण साडू हटून बसले. "माझ्या घरातला नमुना बाहेर जाणार नाही." बाई आत कळवळतायत आणि यांचा मान आडवा येतोय! मी तणतणत गेलो, आज दोन शब्द सुनवायचेच असं ठरवून. बघतो तर टेबलाशी बसून भिंगाला एकदा हा डोळा लावतायत, एकदा तो. मला पाहून हळूच म्हणाले, "मला काही दिसत नाही रे. तू बघ."

आता इथे "वा, सुंदर" म्हणून सुटका नव्हती. मी बसलो. ते शेजारी उभे राहिले. "पापण्या दिसतायत ना? नेहमीसारख्या? डोळा जरा मागे घे." मी चाट पडलो. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं! डोळा मागे घेतला, त्यांनी माझा हात धरून स्क्रू फिरवायला लावला, आणि आयोडीनच्या पिवळ्या उजेडात एकदम काहीतरी स्पष्ट झालं. रुंद कपाळ, गोल चष्मा, निमुळती हनुवटी. रोखून बघत होतं माझ्याकडे.

"अहो सर," मी ओरडलो, "हे तर आपले अप्पा!"

साडू मटकन खुर्चीत बसले. "दिसलं! याला दिसलं!" हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. "अरे, मला पहिल्यापासून तेच दिसत आलंय. पण सांगू कोणाला? तुझ्यावाचून दुसरा जावई आहे कोण?"

आतून ताईंचा क्षीण पण धारदार आवाज आला. "माज्या अप्पांना काय म्हनतायत? आनि जिआर्डिया हाय ना? मग औषधाला कोन जानार, अप्पा?"

मीच गेलो, ती स्लाइड घेऊन. या वेळी साडूंनी अडवलं नाही. डॉक्टरांनी स्लाइड आपल्या प्रयोगशाळेत दाखवून खात्री करून घेतली, गोळ्या दिल्या, आणि ताई आठवड्यात उठून काकडीला कढ आणू लागल्या.

साडूंची नजर मात्र उतरतच चालली आहे. आता फोन येत नाही. सुट्टीच्या दिवशी मी आपणहून जातो. ते टेबलावर हात ठेवून शेजारी बसतात, मी भिंगाला डोळा लावतो.

"आज अप्पा नाहीत," मी सांगतो.

"बरं," ते म्हणतात. "थोडं थांबून परत बघ."

आणि कपाळ माझं, मी परत बघतो.