मोहाडीच्या काकांचा राहिलेला पेपर

भंडारा जिल्ह्यात भिण्यासारखं पुष्कळ आहे. नाकाडोंगरीकडची माणसं वाघाला भितात, कारध्याची आम्ही माणसं पुराला भितो, आणि सरकारी खिडकीपलीकडच्या बाबूला तर सगळेच भितात. पण या सगळ्यांची भीती एकत्र गोळा केली तरी ती आमच्या लॉ कॉलेजातल्या मोहाडीच्या काकांच्या परीक्षेच्या भीतीच्या पासंगाला पुरणार नाही. गंमत म्हणजे हा माणूस वाघाला भीत नाही. धानाच्या बांधीवर वाघ दिसला तर काका बाजूला होऊन त्याला वाट देतात, तो गेला की घरी येऊन पोटभर जेवतात. पण प्रश्नपत्रिकेचा गठ्ठा नुसता व्हरांड्यातून जाताना दिसला, की त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नाही.

पन्नाशी उलटलेली, डोकं पांढरं शुभ्र, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा हेच प्राध्यापक समजून सगळा वर्ग उभा राहिला. आपल्याला बघून पोरं का उठली हे न कळल्यामुळे काका घाबरून दाराशीच उभे राहिले, आणि खरे सर येईपर्यंत कोणीच बसलं नाही. पुढे कळलं, की हे मोहाडीजवळच्या एका खेड्यातले धान पिकवणारे शेतकरी, पोरं मार्गी लागल्यावर वकिलीचा अभ्यास करायला आलेले. हजेरीपटात त्यांच्या खालोखाल माझं नाव, त्यामुळे प्रत्येक परीक्षेत माझा बाक त्यांच्या मागे. त्यांच्या भीतीची मी पहिल्या दिवसापासूनची साक्षीदार आहे.

परीक्षेच्या प्रवेशपत्राच्या झेरॉक्स ते इतक्या काढत की दुकानदाराला वाटे, गावात वाटायच्या आहेत. एक खिशात, एक चष्म्याच्या डबीत, एक काकूंच्या बटव्यात आणि एक माझ्याकडे. मी विचारलं, "माझ्याजवळ कायले, काका?" तर म्हणाले, "माह्या घराले आग लागली तं? कारध्यात तं नाई लागनार ना!" आमच्या विद्यापीठाला पेपर पुढे ढकलायची सवय असल्यामुळे वेळापत्रकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते सकाळी फोन करत, "पोरी, पेपर आजच आहे ना?" मग कॉलेजच्या फाटकातून पुन्हा फोन करत, "पोरी, इथं तं कोणीच नाई!" कोणी नसणारच, कारण ते झाडूवाल्याच्याही आधी पोचलेले असत. त्यांची भीती पुन्हा सांसर्गिक. सगळं येत असलेली मुलगीसुद्धा त्यांच्याशी घटकाभर बोलली, की पुस्तक उघडून रडायला बसायची.

नव्या सत्राची नोंदणी हा तर सोहळाच. ती कॉम्प्युटरवर करायची असते आणि ऐच्छिक विषय आपणच निवडायचा असतो. काका सेतू केंद्रात चप्पल बाहेर काढून शिरत. बटण दाबायची वेळ आली की केंद्रवाल्याचा हात धरत, "थांब बाप्पा, मले श्वास घेऊ दे." आणि बटण दाबून झालं की लगेच विचारत, "आता हे वापस घेता येते का?" विषय निवडायची त्यांची रीतही स्वतंत्र होती. उन्हाळी परीक्षा लांबत लांबत पावसाळ्यात येते, म्हणून ज्याचा पेपर धानाची रोवणी आटोपल्यावर यायची शक्यता असेल तो विषय चांगला. गुन्हा किंवा शिक्षा यांतला एक शब्द जरी नावात असला, तर तो विषय बाद. एकदा त्यांनी विमा कायदा घेतला. का, तर त्यात म्हणे कोणाचं वाईट झालं तरी त्याला काहीतरी मिळतं.

एवढं असून काकांना कायदा येत नव्हता असं समजू नका. अर्धा वर्ग करार कायदा त्यांच्याकडून समजून घ्यायचा. आणि तरीही सगळे विषय सुटले, पण करार कायद्याचा पहिल्या वर्षाचा पेपर काही सुटेना. माझाही तोच राहिला होता, पण मला अभ्यास न केल्याचं फळ मिळालं होतं. काकांचं काय चुकतं ते मात्र कोणालाच कळत नव्हतं. शेवटी एक दिवस मी त्यांना कॉलेजच्या कडुलिंबाखालच्या बाकावर बसवून म्हटलं, "काका, पेपरात काय लिवलं ते जसंच्या तसं सांगा."

प्रश्न असा होता, की 'अ' ने 'ब' ला बैलजोडी विकायचं कबूल केलं आणि जास्त भाव मिळाला म्हणून ती तिसऱ्यालाच विकली, तर निकाल द्या. काकांनी कायदा अचूक लिहिला होता. नुकसानभरपाई कशी ठरते, तेही लिहिलं होतं. आणि मग निकालाच्या जागी लिहिलं होतं, 'अ आणि ब यांना समोरासमोर बसवले. दोघांचेही म्हणणे बरोबर वाटले. या हंगामात अ ने ब ची नांगरणी करून द्यावी असे ठरले. दोघांनी चहा घेतला.'

मी हसून हसून बाकावरून पडायची राहिले. काका बरीच वर्षं गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. इतर विषयांत टिपा लिहून भागलं, पण करार कायद्याचा अर्धा पेपर म्हणजे असली भांडणंच, आणि काका प्रत्येक भांडणात समेट घडवून मोकळे होत. तपासणारा बिचारा निकाल शोधत असणार. मी म्हटलं, "काका, समेट नाई कराचा. एक जितला पाह्यजे, एक हरला पाह्यजे."

काका हसले नाहीत. ते म्हणाले, "एकडाव केलं होतं तसं. बोडीतलं पानी कोनाच्या बांधीले पयले द्याचं, यावरून दोघाईचं भांडन होतं. मी चारचौघात सांगून टाकलं, का याची चूक आहे. चूक होतीच त्याची. तो उठला अन् घरी गेला. मंग एका सकाळी पाहतो तं घराले कुलूप. लेकराबाळासकट गाव सोडून गेला. नागपुरात राह्यते म्हनत, मी शोधाले गेलो, भेटला नाई. तवापासून मले कोनाले हरवाचं भेव लागते. कायदा शिकलो तं समजन, का त्या दिवशी दुसरं काई करता आलं असतं."

माझं हसू पार आटलं. आपण या माणसाला काय करायला सांगतो आहोत, याचीच मला भीती वाटली. पण आमच्या कॉलेजचा नियम असा, की पहिल्या वर्षाचा विषय राहिला असेल तर तिसऱ्या वर्षाची नोंदणी होत नाही. आणि काकांनी घरात सांगून ठेवलं होतं, की या खेपेला पेपर राहिला तर कॉलेज बंद. म्हणून मी रोज 'ब' ची चूक असलेला एक प्रश्न घालून त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेऊ लागले, "ब हरला." काका फार झालं तर म्हणत, "ब हरल्यासारखाच आहे."

पेपर आला तो नेमका रोवणीतच. काका पायांना चिखल असतानाच परीक्षेला आले. प्रश्नपत्रिकेत 'ब' ने धान घ्यायचा सौदा केला होता, नंतर भाव पडले म्हणून तो फिरला होता. चूक उघड उघड 'ब' ची होती. काकांचं पेन भराभर चाललं आणि निकालाशी येऊन थांबलं. त्यांनी पाणी मागितलं. चष्मा पुसला. पुन्हा पाणी मागितलं. मागे बसून मला 'लिहा ना काका, हरला म्हणून लिहा!' असं ओरडावंसं वाटत होतं आणि माझं स्वतःचं उत्तर अर्धवट पडलं होतं. शेवटची सूचनाघंटा झाली तेव्हा ते एकदम वाकले, एक ओळ लिहिली आणि पेपर उलटा करून त्यावर हात ठेवून बसले.

बाहेर येऊन ते पायरीवरच बसले. मी विचारलं, "काय लिवलं?"

"ब हरला लिवलं."

"अन् समेट?"

"नाई केला." त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही.

निकाल लागला तो नोंदणीच्या शेवटच्या दिवशी. सेतू केंद्रात गर्दी, नेट कधी येतंय कधी जातंय, आणि काका एका कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभे. माझा नंबर टाकला, मी पास. त्यांचा टाकला, तर पडद्यावर नुसतंच चाक फिरत राहिलं. तेवढी मी आयुष्यात कशाला भ्याले नव्हते. मग पान उघडलं. काका पास झाले होते. मी एवढ्या जोरात ओरडले की केंद्रवाल्यानं आम्हाला आधी पाणी दिलं आणि मग आमची दोघांचीही नोंदणी करून दिली.

संध्याकाळी ते मला स्कूटरवरून कारध्याला सोडायला आले. वैनगंगेच्या पुलावर मागून मी पेढे कुठले घ्यायचे यावर बडबडत होते आणि ते नुसती स्कूटर हाकत होते. घराशी उतरल्यावर मी म्हटलं, "काका, आता तं हासा! आता कायचं भेव?"

ते म्हणाले, "पोरी, निकाल लागला का जितल्याच्या मांगं सप्पा गाव राह्यते. हरलेला एकटाच घरी जाते. त्या दिवशी मले त्याच्यासंग घरापर्यंत जाले पाह्यजे होतं. एवढंच कराचं होतं, दुसरं काई नाई." मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "हे पेपरात कुठं लिवाचं असते?"

ते अभ्यासक्रमात नाही, असं मी सांगितलं. काकांनी मान हलवली, काकूंना फोन करून पास झाल्याचं सांगितलं आणि अंधार पडायच्या आत मोहाडीच्या वाटेला लागले. आता वर्षभरात आम्ही दोघंही काळा कोट घालू, म्हणजे काकांना परीक्षेनं तोवर जिवंत ठेवलं तर. वकिली म्हटली की खटले हरणंही आलंच. मला त्याची धास्ती वाटते. पण हरायची वेळ आलीच, तर त्या दिवशी समोरच्या बाजूचे वकील काका असावेत, असं मला फार वाटतं.