वसंतरावांची रंगीत तालीम

आमच्या प्रयोगशाळेत धूळ आणि किस्से रोज साचायचे. धूळ झाडायला बाई होती. किस्से मात्र माझ्याकडेच राहिले, आणि ऐकून हसायला त्या वेळचं आता इथं कोणी उरलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तारनाक्याला आम्ही चौघं उंदरांच्या मेंदूवर काम करायचो. आमचे तेलुगू सर, यंत्रं सांभाळणारा जावेद, पिंजरे बघणारे वसंतराव आणि मी. उंदराच्या मेंदूत केसाएवढ्या तारा बसवलेल्या असत. तो भुलभुलैयात बिस्किट शोधत पळाला की मेंदूतल्या पेशींची टकटक स्पीकरवर वाजायची. मग तो झोपला की तीच टकटक, त्याच क्रमानं, फक्त भराभर. गडी झोपेत तीच वाट पुन्हा धावून घ्यायचा. म्हणूनच ती त्याच्या लक्षात राहायची.

एकदा दिल्लीहून तपासणीला साहेब आले. नव्या जागा भरणं तेव्हा सरकारनं बंद केलं होतं. झोपलेला उंदीर काय करतोय ते आम्ही त्यांना समजावलं. साहेब खूश होऊन सरांना म्हणाले, “नींद में भी काम? इसको तो परमनंट कर दो!”

आमच्या चौघांत परमनंट नव्हता तो फक्त जावेद.

* * *

दोन वाटा फुटतात तिथं उंदीर थबकतो. एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे. पाय हलत नाहीत, पण डोक्यात फेऱ्या चालू असतात.

जावेदला एका सॉफ्टवेअर कंपनीनं बोलावलं तेव्हा तो आठवडाभर असाच व्हरांड्यात उभा असायचा. वसंतराव म्हणाले, “याच्या डोक्याला तारा लावा सर, कुठं चाललाय ते कळंल.”

जावेद म्हणाला, “कैकू तकलीफ, चचा? बिस्कुट एकीच तरफ है.”

तो गेला. त्याच्या स्टुलावर बरेच दिवस कोणी बसलं नाही. दुपारी मला फार सुनं वाटायचं.

* * *

वसंतराव अंबरपेठेत एकटेच राहायचे. बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न करून अमेरिकेत. रविवारी सकाळी ते तारनाक्याच्या बूथवरून तिला फोन करत. शनिवारी पिंजऱ्यांपुढं त्याची रंगीत तालीम चाले. आपलं बोलायचं, मग बारीक आवाजात तिचंही.

“ ‘बाबा, जेवलात का?’ ‘जेवलो की. तुमच्याकडं थंडी हाय का?’ ‘आहे ना.’ ‘मग, कधी येतेस?’ ”

इथं तालीम अडायची. तिचं उत्तर त्यांना बसवता येत नसे.

सर एकदा म्हणाले, “दोघांचंही तुम्हीच बोलता, मग फोन कशाला?”

“तयारी करायलोय सर,” वसंतराव म्हणाले.

* * *

सोमवारी चहाला वसंतराव तोच फोन आम्हाला ऐकवायचे, तोही शेवटाकडून. आधी “ठेवते बाबा”, मग जावयाची नोकरी, मग थंडी, मग जेवण. बिस्किट मिळाल्यावर उंदीरही आलेली वाट डोक्यात उलटी गिरवतो, हे पुढं कितीतरी वर्षांनी वाचलं. तेव्हा आम्ही नुसते हसायचो.

मी विचारायची, “ ‘कधी येतेस’ ते विचारलंत?”

“ऱ्हायलं बगा.”

दर सोमवारी ते राहिलेलंच असे. मी हसायची, पण मला आतून कळायचं. माझ्याही घरी वाट बघणारं कोणी नव्हतं.

* * *

एका रविवारी मीच त्यांच्याबरोबर बूथवर गेले. म्हटलं, आज विचारल्याशिवाय सोडायचं नाही. ते काचेच्या केबिनमध्ये गेले. मी बाहेर बाकावर बसले, आतलं बोलणं ऐकू येत होतं. जेवण झालं, थंडी झाली, जावयाची नोकरी झाली. मग ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “कधी येतेस, पोरी?”

रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, “हो? बरं, बरं. सावकाश ये. ठेवतो.”

बाहेर आले ते डोळे पुसतच. पायरीवर बसून चपला घालू लागले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

बूथवाला माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, “आपा, अमरीका की लाइन सुबू से बंद है. अंकल का फोन लगाइच नै.”

मी वळून बघितलं. वसंतराव उठून उभे राहिले होते.

“दिवाळीला येते म्हणाली,” ते म्हणाले.