काकाने होडीत बसवलेली सीट

माझा काका भित्रा होता.

आज सकाळी तो गेला, म्हणून काही खोटं लिहिणार नाही.

आमच्या अख्ख्या अंजूर गावात त्याच्यासारखा घाबरट माणूस सापडला नसता. गॅस बंद केलाय की नाही ते बघायला अर्ध्या वाटेतून परत यायचा. वज्रेश्वरीला गेलो की आम्ही सगळे गरम पाण्याच्या कुंडात, आणि हा काठावर सगळ्यांचे कपडे धरून उभा.

"चक्कर आली म्हंजे?"

"कोणाला, काका?"

"कोनालाबी."

भिवंडीत कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, फिटर होता. लूम दिवसभर हादरतात, आणि कितीही कसलेला नट हळूहळू ढिला होतो. आयुष्यभर हेच बघितल्यामुळे त्याचा जगातल्या कुठल्याच नटावर विश्वास नव्हता.

दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. माझ्या बाबांना, म्हणजे काकाच्या मोठ्या भावाला, पॅरालिसिसचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय कामातून गेले.

बाबांचा सगळा जन्म खाडीवर गेलेला. दर नारळीपौर्णिमेला स्वतःची होडी घेऊन मध्यावर जायचे आणि खाडीला नारळ द्यायचे. एकही वर्ष चुकलं नव्हतं.

त्या वर्षी जड जिभेने म्हणाले, "मी जानार."

आई रडायलाच लागली. डॉक्टर म्हणाले, पाठीला पक्का आधार असेल तर न्या. आमच्या फायबरच्या होडीत कसला आलाय आधार? आडव्या फळीवर बसायचं आणि आपला तोल आपण सांभाळायचा.

सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि जेवायचं सोडलं.

तेव्हा बोललं कोण? तर काका.

"मी सीट बसवतो."

ज्याला शिडीवर चढायची भीती, तो हे म्हणतोय!

भंगारवाल्याकडून त्याने टेम्पोच्या ड्रायव्हरची सीट आणली. खालचे पाय कापून बुटके केले, कारण माणूस उंच बसला की होडी जास्त डोलते. बाबांच्या उजव्या हाताला धरायला एक दांडा वेल्ड करून घेतला.

मधल्या काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, म्हणाला, "काका, चार स्क्रू मार ना वरून. झालं काम."

काकाचा चेहराच पडला.

"फायबरमंदी स्क्रू किती धरंल? एक झटका बसला का सीट मानसासकट उपटून येल."

मग डेकला, म्हणजे होडीत पाय ठेवतो त्या थराला, आरपार भोकं पाडली. बोल्ट स्टीलचे, कारण खारं पाणी लोखंड खातं. खालून जाड पट्टी, म्हणजे सगळा जोर एका भोकावर यायला नको. प्रत्येक बोल्टला नटावर नट. भोकांत पाणी झिरपू नये म्हणून सिलिकॉन भरलं. डेकखाली जेमतेम हात जाईल एवढी जागा. काका पोटावर झोपून नुसत्या स्पर्शाने नट कसत होता, आणि वर मी पाना धरून.

"बोल्ट फिरतंय का, बाय?"

"नाही काका."

"बघ नीट."

"नाही फिरत!"

"परत बघ."

तेव्हा मी कॉलेजात होते; माझा अख्खा रविवार त्यात गेला.

पौर्णिमेच्या दिवशी बाबांना उचलून सीटवर बसवलं. आई जुनी साडी घेऊन आली, बाबांना सीटला बांधायला. आम्हाला बरंच वाटलं. काकाने मात्र ती तिच्या हातातून हिसकावलीच.

"न्हाय वयनी. सीट घट्ट पायजे, मानूस मोकला पायजे. होडी उलटली तं बांधलेला मानूस तिच्यासंगं खाली जातो."

सणाच्या दिवशी, खाडीसमोर, असं कोणी तोंडातून काढतं का? आई मटकन खालीच बसली. काकाने ट्रकच्या टायरची हवा भरलेली ट्यूब बाबांच्या मांडीवर ठेवली. बाजूच्या होडीतली पोरं फिदीफिदी हसली.

चुलतभावाने इंजिन सुरू केलं. मी पुढे, काका सीटसमोर उकिडवा. पाण्याकडे बघायचं धाडस नव्हतं, म्हणून मी बोल्टांकडे बघत होते.

मध्यावर पोचलो आणि काल्हेर गावाच्या बाजूने रेतीची मोठी बोट गेली. तिची लाट आडवी आली.

होडी डावीकडे कलली. बाबांचं सगळं वजन त्यांच्या मेलेल्या बाजूला गेलं. पाणी आत आलं. माझ्या तोंडून "आई गं" निघालं.

सीट हलली नाही. साधी कुरकुरलीसुद्धा नाही.

होडी सरळ झाली. आता नारळ द्यायचा. पण बाबांचा एकच हात चालणारा, आणि त्याने दांडा असा आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. त्यांना नारळ हवा होता आणि हात सोडवत नव्हता. खाडीचा राजा माणूस, डोळ्यांत नुसती भीती. माझ्या बाबांना मी तसं कधीच बघितलं नव्हतं.

काका हसत म्हणाला, "हात सोड दादा. ती सीट न्हाय हलनार. मी बसवलीय."

बाबांनी हात सोडला. नारळ घेतला, कपाळाला लावला आणि खाडीला दिला.

परत आल्यावर सगळे बाबांना उचलून वर घेऊन गेले. मी चपला आणायला मागे वळले, तर काका होडीतच. पोटावर झोपलेला, हात डेकखाली खांद्यापर्यंत.

"काय झालं काका? ढिले झाले?"

त्याने हात बाहेर काढला.

"एकबी न्हाय," म्हणाला आणि हमसून हमसून रडायला लागला.

मला कळेचना. "मग तिथे पाण्यात एवढं छातीठोक कसं सांगितलंस?"

काकाने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं.

"दादा माझ्याकडं बघत व्हता ना, बाय."

काका, तुझ्या बायची भावपूर्ण श्रद्धांजली.