सरासरीचं दही

काल संध्याकाळी आईने एकाच पातेल्यातलं कोमट दूध दोन वाट्यांत ओतलं. दही संपत आलं होतं, म्हणून दोन्हींना अगदी नखाएवढंच विरजण लावलं. सकाळी एका वाटीत घट्ट दही, दुसरीत दूध जसंच्या तसं.

"होतं असं कधी कधी," आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. हे 'कधी कधी' मोजणं हेच तर माझं काम. मोजके रेणू एकमेकांवर आदळतील की चुकतील, हे नशिबावर सोडून मी संगणकावर तीच रासायनिक क्रिया हजार वेळा चालवते. सुरुवात तीच, पण कधी क्रिया पेट घेते, कधी तिथल्या तिथे विझते. माझे संशोधनाचे सर म्हणतात, "इतके आलेख कशाला? सरासरी काढ आणि एकच रेघ दे." ती रेघ सांगते, क्रिया अर्धवट होते. हजारांत एकदाही ती अर्धवट झालेली मी पाहिलेली नाही!

रागाच्या भरात मी दोन्ही वाट्या एका भांड्यात ओतून ढवळल्या. आईने बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"अगं, हे धड दूध नाही की धड दही नाही. कोण खाणार हे?"

"डब्यात भर," मी म्हटलं. "सरांना हेच हवंय."